चौदावी लोकसभा : महाराष्ट्राचे ४८ सदस्य आणि पाच वर्षांतील बदल

मे २००४ मध्ये महाराष्ट्राने चौदाव्या लोकसभेवर ४८ सदस्य निवडून पाठविले. १८ मे २००९ रोजी ही लोकसभा विसर्जित झाली, तेव्हा राज्यातील सहा मतदारसंघांत आरंभीचे सदस्य राहिले नव्हते. तीन सदस्यांचे निधन झाले, दोघांना सभागृहाने बडतर्फ केले आणि एकाने राजीनामा दिला. निकालाच्या दिवशीची यादी आणि मुदत संपतानाची यादी यांतील हा फरक अनेक संदर्भपुस्तिकांत एखाद्या तळटीपेत उरकला जातो. प्रत्यक्षात त्यामागे पोटनिवडणुका, न्यायालयीन लढाई आणि काही मतदारसंघांना दीर्घकाळ सोसावे लागलेले प्रतिनिधित्वाविनाचे दिवस आहेत.

लोकसभेची रचना

तेराव्या लोकसभेची मुदत संपण्यास अवधी असतानाच ती ६ फेब्रुवारी २००४ रोजी विसर्जित करण्यात आली. २० एप्रिल ते १० मे या काळात चार टप्प्यांत मतदान झाले आणि १३ मे रोजी निकाल लागले. काँग्रेसला १४५, भाजपला १३८, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला ४३, समाजवादी पक्षाला ३६ आणि राष्ट्रीय जनता दलाला २४ जागा मिळाल्या. डाव्या पक्षांच्या बाहेरून पाठिंब्यावर संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार स्थापन झाले व २२ मे रोजी डॉ. मनमोहन सिंग यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. पंतप्रधान स्वतः राज्यसभेचे सदस्य असल्याने लोकसभेत सभागृह नेतेपद प्रणव मुखर्जी यांच्याकडे आले. विरोधी पक्षनेतेपदी लालकृष्ण अडवाणी होते. ४ जून रोजी सोमनाथ चटर्जी यांची अध्यक्षपदी निवड झाली, तर उपाध्यक्षपद अकाली दलाचे चरणजितसिंग अटवाल यांना मिळाले.

महाराष्ट्राचा कौल मात्र देशाच्या कौलाशी तंतोतंत जुळणारा नव्हता. राज्यात भाजप व काँग्रेस यांना प्रत्येकी १३, शिवसेनेला १२, राष्ट्रवादी काँग्रेसला ९ आणि रिपब्लिकन पक्षाच्या आठवले गटाला एक जागा मिळाली. म्हणजेच केंद्रात सत्ता गमावलेल्या युतीकडे राज्यातील २५, तर आघाडीकडे २३ जागा होत्या.

विभागवार सदस्य

पुढील यादी २००४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत विजयी झालेल्या सदस्यांची आहे. मतदारसंघांची नावे त्या वेळची आहेत.

कोकण व ठाणे (५) : राजापूर – सुरेश प्रभू (शिवसेना), रत्नागिरी – अनंत गीते (शिवसेना), कुलाबा – बॅ. ए. आर. अंतुले (काँग्रेस), ठाणे – प्रकाश परांजपे (शिवसेना), डहाणू – दामोदर शिंगडा (काँग्रेस).

मुंबई (६) : दक्षिण – मिलिंद देवरा (काँग्रेस), दक्षिण मध्य – मोहन रावले (शिवसेना), उत्तर मध्य – एकनाथ गायकवाड (काँग्रेस), ईशान्य – गुरुदास कामत (काँग्रेस), वायव्य – सुनील दत्त (काँग्रेस), उत्तर – गोविंदा (काँग्रेस).

पश्चिम महाराष्ट्र (१०) : पुणे – सुरेश कलमाडी (काँग्रेस), बारामती – शरद पवार (राष्ट्रवादी), खेड – शिवाजीराव आढळराव-पाटील (शिवसेना), सातारा – लक्ष्मणराव पाटील (राष्ट्रवादी), कऱ्हाड – श्रीनिवास पाटील (राष्ट्रवादी), सांगली – प्रकाशबापू पाटील (काँग्रेस), इचलकरंजी – निवेदिता माने (राष्ट्रवादी), कोल्हापूर – सदाशिवराव मंडलिक (राष्ट्रवादी), सोलापूर – सुभाष देशमुख (भाजप), पंढरपूर – रामदास आठवले (रिपब्लिकन).

उत्तर महाराष्ट्र व नगर (८) : नाशिक – देवीदास पिंगळे (राष्ट्रवादी), मालेगाव – हरिश्चंद्र चव्हाण (भाजप), धुळे – बापू चौरे (काँग्रेस), नंदुरबार – माणिकराव गावित (काँग्रेस), एरंडोल – अण्णासाहेब एम. के. पाटील (भाजप), जळगाव – वाय. जी. महाजन (भाजप), अहमदनगर – तुकाराम गडाख (राष्ट्रवादी), कोपरगाव – बाळासाहेब विखे-पाटील (काँग्रेस).

मराठवाडा (८) : औरंगाबाद – चंद्रकांत खैरे (शिवसेना), जालना – रावसाहेब दानवे (भाजप), परभणी – तुकाराम रेंगे-पाटील (शिवसेना), हिंगोली – सूर्यकांता पाटील (राष्ट्रवादी), नांदेड – डी. बी. पाटील (भाजप), लातूर – रूपाताई पाटील-निलंगेकर (भाजप), उस्मानाबाद – कल्पना नरहिरे (शिवसेना), बीड – जयसिंगराव गायकवाड (राष्ट्रवादी).

विदर्भ (११) : बुलडाणा – आनंदराव अडसूळ (शिवसेना), अकोला – संजय धोत्रे (भाजप), वाशीम – भावना गवळी (शिवसेना), अमरावती – अनंत गुढे (शिवसेना), रामटेक – सुबोध मोहिते (शिवसेना), नागपूर – विलास मुत्तेमवार (काँग्रेस), भंडारा – शिशुपाल पटले (भाजप), चिमूर – महादेवराव शिवणकर (भाजप), चंद्रपूर – हंसराज अहीर (भाजप), वर्धा – सुरेश वाघमारे (भाजप), यवतमाळ – हरिभाऊ राठोड (भाजप).

यादी काय सांगते?

विभागवार पाहिल्यास कौलातील विरोधाभास ठळकपणे दिसतो. १९९९ मध्ये मुंबईत काँग्रेसकडे सुनील दत्त यांची एकच जागा होती; २००४ मध्ये सहापैकी पाच जागा काँग्रेसने जिंकल्या. याउलट विदर्भातील अकरापैकी दहा जागा युतीकडे गेल्या व काँग्रेसला केवळ नागपूर राखता आले. मराठवाड्यात काँग्रेसचा एकही सदस्य निवडून आला नाही.

मातब्बरांचे पराभव हेही या निवडणुकीचे वैशिष्ट्य ठरले. मावळत्या लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी यांना एकनाथ गायकवाड यांनी पराभूत केले. १९८९ पासून सलग पाच वेळा विजयी झालेले पेट्रोलियममंत्री राम नाईक यांना राजकारणात नवख्या असलेल्या गोविंदा यांनी हरविले. दक्षिण मुंबईत केंद्रीय राज्यमंत्री जयवंतीबेन मेहता, तर ईशान्य मुंबईत किरीट सोमय्या यांना पराभव पत्करावा लागला. लातूरमध्ये शिवराज पाटील व भंडाऱ्यात प्रफुल्ल पटेल पराभूत झाले. मात्र दोघेही राज्यसभेच्या मार्गाने केंद्रात मंत्री झाले. मतदारांनी नाकारलेल्या उमेदवाराकडे देशाचे गृहखाते सोपविले गेल्याची टीका त्या वेळी झाली. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर ३० नोव्हेंबर २००८ रोजी शिवराज पाटील यांनी गृहमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

लोकसभा सदस्यांपैकी शरद पवार यांच्याकडे कृषी, अन्न व ग्राहक व्यवहार ही खाती, तर सुनील दत्त यांच्याकडे युवक कल्याण व क्रीडा खाते होते. माणिकराव गावित, विलास मुत्तेमवार व सूर्यकांता पाटील यांना राज्यमंत्रिपद मिळाले. २००६ मध्ये अल्पसंख्याक व्यवहार हे स्वतंत्र मंत्रालय निर्माण झाले आणि त्याचे पहिले मंत्री म्हणून अंतुले यांची नियुक्ती झाली.

महिलांचे प्रतिनिधित्व तोकडेच राहिले. ४८ जणांमध्ये भावना गवळी, सूर्यकांता पाटील, रूपाताई पाटील-निलंगेकर, कल्पना नरहिरे व निवेदिता माने अशा पाचच महिला होत्या. मुंबई, कोकण व उत्तर महाराष्ट्रातून सार्वत्रिक निवडणुकीत एकही महिला निवडून आली नाही.

निधनाने रिक्त झालेल्या तीन जागा

पहिला बदल मुंबईत झाला. केंद्रीय मंत्री सुनील दत्त यांचे २५ मे २००५ रोजी निधन झाले. त्याच वर्षी झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या प्रिया दत्त विजयी झाल्या. राज्यातील महिला सदस्यांची संख्या त्यामुळे सहा झाली.

ऑक्टोबर २००५ मध्ये सांगलीचे सदस्य प्रकाशबापू पाटील यांचे निधन झाले. माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांचे ते पुत्र. २००६ मधील पोटनिवडणुकीत प्रकाशबापूंचे पुत्र प्रतीक पाटील यांनी ही जागा काँग्रेसकडे राखली. फेब्रुवारी २००८ मध्ये ठाण्याचे शिवसेना सदस्य प्रकाश परांजपे यांचे निधन झाले व त्यांचे पुत्र आनंद परांजपे त्याच वर्षी पोटनिवडणुकीत निवडून आले.

तिन्ही ठिकाणी पक्ष तोच राहिला आणि उमेदवारी घरातच गेली. सहानुभूतीचा लाभ व स्थानिक संघटनेतील गटबाजी टाळण्याची सोय या दोन्ही कारणांनी पक्ष अशा वेळी वारसाला पसंती देतात. काँग्रेस असो वा शिवसेना, या बाबतीत फरक दिसला नाही.

बडतर्फी : एरंडोल आणि जळगाव

चौदाव्या लोकसभेच्या इतिहासातील सर्वांत गंभीर प्रकरणाचा थेट संबंध खानदेशाशी आला. १२ डिसेंबर २००५ रोजी ‘आज तक’ वाहिनीने ‘कोब्रापोस्ट’ने केलेले छुपे चित्रीकरण प्रसारित केले. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी सदस्य पैसे स्वीकारत असल्याचे त्यात दाखविण्यात आले होते. लोकसभेचे दहा व राज्यसभेचा एक अशा अकरा सदस्यांची नावे त्यात होती. त्यांपैकी सहा भाजपचे, तीन बहुजन समाज पक्षाचे आणि काँग्रेस व राष्ट्रीय जनता दलाचा प्रत्येकी एक सदस्य होता. एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील आणि जळगावचे वाय. जी. महाजन यांचा त्यांत समावेश होता.

अध्यक्षांनी पवनकुमार बन्सल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीच्या अहवालानंतर २३ डिसेंबर रोजी, म्हणजे प्रक्षेपणानंतर अवघ्या अकरा दिवसांत, लोकसभेने दहाही सदस्यांना बडतर्फ करण्याचा ठराव संमत केला. हे प्रकरण विशेषाधिकार समितीकडे सोपवावे, अशी मागणी करीत भाजपने सभात्याग केला. बाजू मांडण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही, अशी संबंधित सदस्यांची तक्रार होती.

प्रश्नाला एवढी किंमत का येते, हे समजण्यासाठी प्रश्नोत्तराच्या तासाची पद्धत पाहावी लागते. एका दिवशी केवळ २० तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी घेतले जातात. लेखी उत्तराच्या अतारांकित प्रश्नांची मर्यादा २३० आहे. उत्तर देणे मंत्र्यांवर बंधनकारक असल्याने एखाद्या परवान्याची, कंत्राटाची अथवा धोरणाची माहिती अधिकृतपणे बाहेर येते. हा अधिकार सदस्याला मतदारांमुळे मिळालेला असतो.

अशा प्रकारचे पहिले मोठे प्रकरणही मुंबईशीच निगडित होते. हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर १९५१ मध्ये मुंबईतील सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून मोबदला घेऊन संसदेत तिची बाजू मांडल्याचा ठपका ठेवण्यात आला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी बडतर्फीचा ठराव मांडला; तो संमत होण्यापूर्वीच मुदगल यांनी राजीनामा दिला. २००५ च्या कारवाईच्या वेळी या दाखल्याची वारंवार आठवण काढली गेली.

बडतर्फ सदस्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. संसदेला आपल्या सदस्याला काढण्याचा अधिकार आहे काय, हा मूलभूत प्रश्न होता. १० जानेवारी २००७ रोजी सरन्यायाधीश वाय. के. सभरवाल यांच्या नेतृत्वाखालील पाच सदस्यीय घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने बडतर्फी वैध ठरविली. मात्र संसदेच्या विशेषाधिकाराच्या वापराची न्यायालय मर्यादित तपासणी करू शकते, हेही या निकालाने स्पष्ट केले. बडतर्फी म्हणजे पुढील निवडणुकीसाठी अपात्रता नव्हे. या खटल्याला ज्यांचे नाव मिळाले ते उत्तर प्रदेशातील राजाराम पाल २००९ मध्ये पुन्हा लोकसभेवर निवडून आले.

एरंडोल व जळगावच्या पोटनिवडणुका २००७ मध्ये झाल्या. एरंडोलमध्ये राष्ट्रवादीचे वसंतराव मोरे विजयी झाले. जळगावची जागा भाजपचे हरिभाऊ जावळे यांनी राखली. दरम्यान एक वर्षाहून अधिक काळ दोन्ही मतदारसंघांना लोकसभेत आवाज नव्हता.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१ अ नुसार रिक्त जागा सहा महिन्यांच्या आत भरणे अपेक्षित आहे. उर्वरित मुदत एक वर्षापेक्षा कमी असल्यास, अथवा या मुदतीत निवडणूक घेणे अवघड असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केल्यास, सवलत मिळते. ठाण्यातील जागा काही महिन्यांतच भरली गेली. खानदेशातील मतदारांना मात्र तसा अनुभव आला नाही. याच काळात, १ जुलै २००६ रोजी, विदर्भाच्या दौऱ्यावर आलेल्या पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. कापूस व केळी उत्पादकांचे प्रश्न खानदेशातही तीव्र होते. पण ते लोकसभेत मांडण्यासाठी या दोन मतदारसंघांचा सदस्य सभागृहात नव्हता. चूक सदस्याची ठरली आणि प्रतिनिधित्व मतदारांचे गेले.

राजीनामा : रामटेक

रामटेकचे शिवसेना सदस्य व माजी केंद्रीय मंत्री सुबोध मोहिते यांनी पक्ष सोडून काँग्रेसची वाट धरली. पक्षांतरबंदी कायद्यानुसार, ज्या पक्षाच्या उमेदवारीवर निवडून आला तो पक्ष स्वेच्छेने सोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाते. त्यामुळे राजीनामा देऊन पुन्हा मतदारांसमोर जाणे हाच मार्ग उरतो. मोहिते यांनी तो स्वीकारला. परंतु २००७ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते पराभूत झाले व शिवसेनेचे प्रकाश जाधव निवडून आले.

सहा पोटनिवडणुकांनंतर राज्यातील पक्षीय बलाबल काँग्रेस १३, भाजप १२, शिवसेना १२, राष्ट्रवादी १० व रिपब्लिकन १ असे झाले. म्हणजे पाच वर्षांत प्रत्यक्षात एकाच जागेचा, एरंडोलचा, पक्ष बदलला.

शेजारच्या गोव्यातही असाच बदल झाला. पणजीतून भाजपचे श्रीपाद नाईक व मुरगावातून काँग्रेसचे चर्चिल आलेमाव विजयी झाले होते. आलेमाव यांनी राज्याच्या राजकारणात परतण्यासाठी लोकसभा सोडली आणि २००७ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचेच फ्रान्सिस्को सार्दिन निवडून आले.

विश्वासदर्शक ठरावाची कसोटी

भारत-अमेरिका अणुकराराच्या प्रश्नावर जुलै २००८ मध्ये डाव्या पक्षांनी पाठिंबा काढून घेतला. २२ जुलै रोजी विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी संमत झाला. मतदानापूर्वी भाजपच्या तीन सदस्यांनी सभागृहात नोटांची पुडकी दाखविल्याने देशभर खळबळ उडाली. पक्षाचा आदेश डावलून अध्यक्षपदी राहिलेल्या सोमनाथ चटर्जी यांना दुसऱ्याच दिवशी मार्क्सवादी पक्षाने काढून टाकले.

महाराष्ट्रातील दोन विरोधी सदस्यांनी त्या दिवशी पक्षादेश पाळला नाही. यवतमाळचे हरिभाऊ राठोड यांची भाजपने हकालपट्टी केली. परभणीचे तुकाराम रेंगे-पाटील यांनीही शिवसेनेच्या आदेशानुसार सरकारविरोधी मतदान केले नाही. एकोणीस मतांच्या फरकाने सरकार तरले त्या दिवशी एकेका सदस्याचे मोल किती असते, याचा प्रत्यय आला.

या वादांच्या गदारोळात लोकसभेने केलेले कायदे झाकोळले जाऊ नयेत. माहितीचा अधिकार (२००५), राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी (२००५), कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण (२००५) आणि वनहक्क (२००६) हे कायदे याच सदस्यांनी संमत केले. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने १९७० च्या दशकातच कायद्यात उतरविली होती.

पुसला गेलेला नकाशा

मतदारसंघांची पुनर्रचना २००८ मध्ये अमलात आल्याने ४८ हा आकडा तोच राहिला, तरी मतदारसंघ बदलले. राजापूर, कुलाबा, डहाणू, मालेगाव, एरंडोल, चिमूर, पंढरपूर, कोपरगाव, खेड, कऱ्हाड व इचलकरंजी ही नावे लोकसभेच्या यादीतून गेली वा जोडनावात मिसळली. रायगड, पालघर, भिवंडी, कल्याण, दिंडोरी, रावेर, शिर्डी, शिरूर, मावळ, माढा, हातकणंगले ही नवी नावे आली. अनुसूचित जातींसाठी राखीव जागा तीनवरून पाच झाल्या. अनुसूचित जमातींच्या चार जागा कायम राहिल्या.

परिणामी २००९ मध्ये चौदाव्या लोकसभेतील सहकारी परस्परांसमोर उभे ठाकले. रायगडमध्ये अनंत गीते यांनी अंतुले यांना, तर यवतमाळ-वाशीममध्ये भावना गवळी यांनी काँग्रेसचे उमेदवार झालेल्या हरिभाऊ राठोड यांना हरविले. शरद पवार माढ्यातून, आनंदराव अडसूळ अमरावतीतून, आनंद परांजपे कल्याणमधून व हरिभाऊ जावळे रावेरमधून निवडून आले. पंढरपूर नाहीसे झाल्याने शिर्डीतून लढलेले रामदास आठवले पराभूत झाले. सदाशिवराव मंडलिक यांनी कोल्हापुरात अपक्ष म्हणून बाजी मारली.

एरंडोलच्या मतदाराने या पाच वर्षांत दोन वेळा मतदान केले, एक वर्षाहून अधिक काळ सदस्याविना काढला आणि अखेरीस त्याच्या मतदारसंघाचे नावही यादीतून गेले. चौदाव्या लोकसभेची कोणतीही सूची वाचताना निकालाच्या दिवशीच्या नावांबरोबर रिक्ततेच्या तारखाही पाहाव्यात, त्या याचसाठी.